स्क्रू फिरवण्याआधी

पुण्यातील या गॅरेजमध्ये उभी असलेली मारुती 800 ही 1996 सालची, कार्ब्युरेटरची, म्हणजे हवा व पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या भागाची, गाडी आहे. तिचे 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आजही पहिल्याच सेल्फला सुरू होते, तरीही पीयूसी चाचणीत ती नापास झाली आहे. भारत स्टेज दोन या धुराच्या मानकाआधीच्या पेट्रोल मोटारींच्या धुरात आयडलिंगवर, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन नुसते सुरू असताना, कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन 1500 पीपीएमपर्यंत (दहा लाखांत 1500 भाग) चालते. यंत्राच्या पडद्यावर मात्र कार्बन मोनॉक्साइड 5.2 टक्के दिसतो आहे आणि हायड्रोकार्बन 900.

हे दोन आकडे एकत्र वाचायचे असतात. ठिणगी चुकत असती, तर न जळलेले पेट्रोल बाहेर पडून हायड्रोकार्बनचा आकडा चढला असता. येथे तो मर्यादेत आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तेवढा वाढला आहे, म्हणजे पेट्रोल जळते आहे, पण त्याला हवा अपुरी पडते आहे. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते आणि या इंजिनाला ती तेवढी मिळत नाही.

अशा वेळी कार्ब्युरेटरवरील मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा, स्क्रू थोडा आत फिरवून पेट्रोल कमी करून आकडा खाली आणण्याचा आणि प्रमाणपत्र हाती पडल्यावर तो पुन्हा पूर्ववत करण्याचा मार्ग अनेकांना ठाऊक आहे. या मिस्त्रींनी स्क्रूला हात लावलेला नाही, आणि आमच्या मते कसब म्हणतात ते हेच.

त्यांनी आधी ठिणगी पाडणारे तिन्ही प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. तिन्हींच्या टोकांवर सारखीच कोरडी, काळी काजळी आहे. एकच प्लग काळा असता, तर दोष त्या एका सिलिंडरमध्ये शोधावा लागला असता. तिन्ही सारखे काळे आहेत, म्हणून कारण तिघांना पेट्रोल पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरकडे किंवा हवा घेणाऱ्या फिल्टरकडे असले पाहिजे. फिल्टर मळलेला निघाला आणि तो बदलून पाहिल्यावर आकडा उतरला, पण पुरेसा नाही. थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी चोकची पट्टी पूर्ण उघडते, हे बोटाने हलवून तपासले.

आता कार्ब्युरेटरमधील पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोट चेंबरच्या या लहान गोल काचेकडे पाहावे. पेट्रोलची पातळी खुणेच्या वर गेलेली आहे. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट वर उचलला गेला की निडल वाल्व्हने पेट्रोलची वाट बंद करायची असते. पण इतक्या वर्षांच्या उघडझापीने या निडलच्या टोकावर झिजून बारीक गोल खाच पडली आहे आणि बंद झाल्यावरही तिच्याकडून पेट्रोल झिरपत राहते. चेंबरमधील पातळी जितकी चढते, तितके जेट नावाच्या बारीक छिद्रांतून जास्त पेट्रोल ओढले जाते. नाना पेठेच्या बाजारातून आणलेल्या किटमधील नवी निडल व तिची सीट बसवली जात आहे, जेट हवेच्या दाबाने साफ होत आहेत आणि फ्लोटची उंची पट्टीने मोजली जात आहे. या कामात घाई चालत नाही.

एक गोष्ट सहसा राहून जाते. बरेच दिवस जादा पेट्रोल गेले की त्यातील काही पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरते आणि त्याची वाफ ब्रीदरच्या नळीतून परत इंजिनात ओढली जाते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता, म्हणून ऑइलही बदलले.

या गाडीला धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. 1995 च्या एप्रिलपासून तो नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचा झाला, तो आधी चार महानगरांपुरता. त्यामुळे येथे धूर स्वच्छ ठेवण्याचा सगळा भार कार्ब्युरेटर, प्लग आणि ठिणगीचे टायमिंग यांच्यावरच आहे.

इंजिन पुरते तापल्यावर मिक्श्चरचा स्क्रू अखेर आता, यंत्राकडे पाहत लावला जातो. सायलेन्सरमध्ये प्रोब आहे. कार्बन मोनॉक्साइड 1.8 टक्क्यांवर स्थिरावला आहे.

ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडणाऱ्या गाडीसाठी कायद्यात 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि कार्बन मोनॉक्साइड विषारी आहे, हे वेगळे सांगायला नको.

भारत स्टेज चारच्या आधीच्या गाडीचे प्रमाणपत्र सहा महिने चालते. पुढच्या चाचणीत तुलना करता यावी म्हणून मिस्त्री बिलाच्या मागे आजचे दोन्ही आकडे, फ्लोटची उंची आणि बदललेल्या भागांची नावे लिहून देत आहेत.