बार्शी लाइट, सिम्युलेटरमध्ये

कुर्डुवाडीतून एक लाइन बार्शीवरनं लातूरला जायची, दुसरी पंढरपूर करून मिरजेला. हीच बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी नॅरोगेज. 1897 ला कुर्डुवाडी ते बार्शी एवढाच तुकडा सुरू झाला, मग 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज, मिळून सव्वातीनशे किलोमीटर. आज सगळं ब्रॉडगेज झालंय, म्हणून आम्ही ती कॉम्प्युटरवरच्या ट्रेन सिम्युलेटरमध्ये परत बांधतोय, आणि काळ धरलाय मिरजेपर्यंत रूळ पोचल्यानंतरचा.

आधी जमीन. नासाच्या 2000 सालच्या शटल मोहिमेचा उंचीचा डेटा फुकट मिळतो, पण त्यात साधारण तीस मीटरला एक उंची, त्यामुळे भराव, कटिंग, ओढ्यावरची मोरी यातलं काहीच नीट दिसत नाही आणि तसेच रूळ टाकले तर गाडी उगाच वरखाली होत जाते, म्हणून चढउतार हातानेच बसवायचे. आजची लाइन गिरवून पण भागत नाही, कारण रुंदीकरण करताना लातूरची लाइन उस्मानाबाद शहराकडे वळवली, जुनी छोटी गाडी शहरात जातच नव्हती. तिथे 1950 च्या दशकातले अमेरिकी लष्कराचे नकाशे उपयोगी पडतात, जुन्या लाइनी त्यात आहेत.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो वजनाला. ही लाइन उभी करणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरचा हट्टच होता की एका अ‍ॅक्सलवर पाच टनांच्या वर भार नको, इंजिन असो नाहीतर मालडबा. मग हलके रूळ चालतात, पूल स्वस्तात होतात. पण असं हलकं इंजिन ओढणार किती? त्यावर लीड्सच्या किटसन कंपनीने ए क्लास बनवलं, आठ चाकं एकमेकांना जोडलेली, मागे चार छोटी, कोळसा-पाणी इंजिनावरच. ओढणारे अ‍ॅक्सल चार, म्हणजे वीस टनच भार कामाला येतो, आणि कोरड्या रुळावर ओढ मिळते साधारण त्याच्या चौथा हिस्सा, पावसात अजून कमी. इंजिनाच्या फाइलमध्ये हे आकडे ब्रॉडगेजवरून उचलले तर गाडी चढावर सुसाट निघते, मग मॉडेल कितीही देखणं असो ती बार्शी लाइट नाहीच. आमच्यात रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडायचा दांडा, जरा जास्त उघडला की चाकं जागेवर फिरतात आणि पकड यायला रुळावर वाळू सोडावीच लागते, आणि हे असंच पाहिजे!

आषाढीचा सिनारिओ वेगळा केलाय. मेन लाइनची गाडी कुर्डुवाडीला येते, वारकरी उतरून छोट्या गाडीत बसतात, डबे जास्त, लाइन एकेरी, त्यामुळे समोरची गाडी येईपर्यंत स्टेशनात थांबायचं आणि उभ्या गाडीला पुन्हा ओढ द्यायची. मिरज यार्ड सगळ्यात शेवटी घेणार, कारण तिथे मीटरगेज शेजारीच आहे आणि माल एका डब्यातून दुसऱ्यात भरायचा, त्यासाठी दोन्ही लाइनींचे प्लॅटफॉर्म, सायडिंग नीट जुळवायला लागेल.