हर्पिस विषाणूंची जनुकं: चालू कोणती, आणि ती मोजताना आपण कुठे फसतो

मित्रहो, या सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात एखाददुसरा तरी हर्पिस विषाणू मुक्कामाला आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील, तर व्हॅरिसेला-झोस्टर हा विषाणू कण्यालगतच्या गँग्लियनमध्ये, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांत, बसून आहे. तोच उतारवयात नागीण होऊन उठतो. एपस्टाइन-बार विषाणू बी-पेशींत, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या रक्तपेशींत, राहतो. तापानंतर ओठाच्या कडेला पुळ्या आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स-१ कवटीच्या तळाशी असलेल्या ट्रायजेमिनल गँग्लियनमध्ये असतो. माणसाचे असे नऊ हर्पिस विषाणू आहेत आणि एकदा आत शिरला की त्यातला एकही जन्मभर जात नाही.

म्हणून ‘विषाणू सापडला का?’ याचं उत्तर बऱ्याचदा ‘हो’ असंच येणार, आणि त्यावरून आजाराबद्दल फारसं काही कळणार नाही. त्याची कोणती जनुकं आत्ता चालू आहेत हे कळलं, तर बरंच कळतं. पण ते मोजणं दिसतं तितकं सरळ नाही. आजचा बराच वेळ मी त्यातल्या खाचखळग्यांवर घालवणार आहे.

हर्पिस सिम्प्लेक्स-१ घेऊ. त्याचा डीएनए सुमारे १,५२,००० जोड्यांचा आणि त्यात ऐंशीच्या वर जनुकं. ती एकदम चालू होत नाहीत. १९७४ साली होनेस आणि रॉइझमन यांनी दाखवलं की त्यांच्या तीन पाळ्या असतात: अल्फा, बीटा, गॅमा. विषाणूच्या कणातूनच व्हीपी-१६ नावाचं प्रथिन आत येतं, पेशीच्या ऑक्ट-१ आणि एचसीएफ-१ या प्रथिनांना हाताशी धरतं आणि पाच अल्फा जनुकं उघडतं. त्यातलं आयसीपी-४ पुढची जनुकं चालू करतं, आयसीपी-० पेशीची बचावयंत्रणा मोडतं, आयसीपी-२७ आरएनएच्या प्रक्रियेत ढवळाढवळ करतं. मग बीटा: विषाणूचं स्वतःचं डीएनए पॉलिमरेझ, थायमिडीन कायनेझ वगैरे. डीएनएच्या प्रती निघू लागल्या की गॅमा, म्हणजे कवचाची आणि आवरणाची प्रथिनं. हे सगळं अठरा-वीस तासांत आटोपतं.

ही उतरंड औषधाशी थेट जोडलेली आहे. अ‍ॅसायक्लोव्हिरला पहिला फॉस्फेट चिकटवण्याचं काम विषाणूचं थायमिडीन कायनेझ करतं, आणि ते बीटा जनुक आहे. सुप्त विषाणू ते बनवत नाही, म्हणून सुप्त विषाणूवर हे औषध चालत नाही. कितीही दिवस गोळ्या खाल्ल्या तरी गँग्लियन साफ होत नाही. आणि म्हणूनच नागिणीवर गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करायच्या, विषाणूच्या प्रती निघत असतानाच. ‘नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो’ या धास्तीने मंत्र टाकणाऱ्याकडे दोन-तीन दिवस घालवले जातात, तेच नेमके कामाचे दिवस असतात. विषाणू बहुधा एका बाजूच्या एकाच गँग्लियनच्या तंतूंतून त्वचेवर उतरतो, त्यामुळे पट्टा शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतो. तोंड-शेपूट जुळायचा प्रश्नच सहसा येत नाही.

आता पाळ्या ओळखायच्या कशा? संसर्गाआधी अर्धा ते एक तास पेशींना सायक्लोहेक्झिमाइड द्यायचं, मिलिलिटरला साधारण १०० मायक्रोग्रॅम, आणि पुढेही ते माध्यमात ठेवायचं. नवं प्रथिन बनत नाही, त्यामुळे फक्त अल्फाचे आरएनए साचतात. दुसऱ्या ताटलीत फॉस्फोनोअ‍ॅसिटिक आम्ल, मिलिलिटरला सुमारे ३०० मायक्रोग्रॅम. ते विषाणूचं पॉलिमरेझ अडवतं: अल्फा-बीटा दिसतात, ग्लायकोप्रोटीन-सी सारखी अस्सल गॅमा जनुकं जवळपास गायब होतात. हे आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने ७.४ सामूपर्यंत आणल्याशिवाय माध्यमात घालू नका. माध्यम पिवळं पडतं, पेशी आजारतात, आणि मग जनुक बंद पडलं ते औषधाने की आंबटपणाने, हे सांगता येत नाही.

पेशी कोणत्या घ्यायच्या, यातच पुष्कळ प्रयोग बिघडतात. विषाणूचा साठा वाढवायला आणि प्लाक, म्हणजे विषाणूने पेशींच्या थरात पाडलेली भोकं, मोजायला व्हेरो पेशी उत्तम. पण त्या आफ्रिकी माकडाच्या आहेत आणि त्यांना टाइप-१ इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूविरुद्ध इशारा देणारं प्रथिन, बनवता येत नाही. पेशी विषाणूला काय उत्तर देते हे बघायचं असेल, तर माणसाचे फायब्रोब्लास्टच (त्वचेतल्या जोडऊतीच्या पेशी) हवेत. सहा खणांच्या ताटलीतल्या एका खणातल्या पेशी मोजा. समजा दहा लाख आहेत आणि पेशीमागे पाच विषाणू हवेत, तर पन्नास लाख प्लाक-एकक लागतील. साठा मिलिलिटरला दहा कोटींचा असेल तर ५० मायक्रोलिटर. पाचच का? विषाणू पेशींवर यदृच्छेने पडतात. सरासरी एक धरली तर ३७ टक्के पेशी कोऱ्याच राहतात. पाच धरली तर एक टक्क्याहूनही कमी. कोऱ्या पेशींचा आरएनए मिसळला की संसर्गाने झालेला बदल पातळ दिसतो.

विषाणू ४ अंशांवर तासभर चिकटू द्या, थंड बफरने धुवा, मग ३७ अंशांचं माध्यम घाला. तो क्षण म्हणजे शून्य तास. आत न शिरलेला विषाणू सामू ३ च्या सायट्रेट बफरने मिनिटभर धुतला की निष्क्रिय होतो. नमुने २, ४, ८ आणि १२ तासांना. सायटोमेगॅलोव्हायरस या दुसऱ्या हर्पिस विषाणूचं चक्र तीन-चार दिवसांचं असल्यामुळे तिथे हे वेळापत्रक चालणार नाही. माध्यम काढून खणात सरळ ट्रायझॉल, म्हणजे पेशी फोडून आरएनए टिकवणारं द्रावण, ओता. ट्रिप्सिनने पेशी सोडवण्याच्या फंदात पडू नका, तेवढ्या मिनिटांतही पेशीचे आरएनए बदलतात. उशिराच्या नमुन्यांत मात्र सर्वाधिक संसर्ग झालेल्या पेशी सुटून माध्यमात तरंगत असतात. माध्यम फेकलं की त्याही जातात. ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसलेला गाळ त्याच नमुन्यात मिसळायचा.

सोबत दोन नियंत्रणं हवीतच. एक, विषाणूविना तीच सगळी धुलाई झालेल्या पेशी. दोन, अतिनील प्रकाशाने निकामी केलेला विषाणू दिलेल्या पेशी. दुसऱ्या नियंत्रणाशिवाय, पेशीतला बदल विषाणू नुसता आत शिरल्याने झाला की त्याची जनुकं चालू झाल्याने, हे कळत नाही.

आता पहिला मोठा खड्डा. आरएनएची सीडीएनए ही डीएनए-प्रत काढून ती पीसीआरने वाढवून मोजतात. माणसाच्या जनुकासाठी प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होतो ते छोटे तुकडे) आखताना आपण ते दोन एक्झॉनांच्या, म्हणजे आरएनएत टिकणाऱ्या भागांच्या, सांध्यावर बसवतो, म्हणजे भेसळीचा डीएनए वाढत नाही. हर्पिस सिम्प्लेक्सच्या बहुतेक जनुकांत इंट्रॉनच (एक्झॉनांमधले, आरएनएतून कापले जाणारे भाग) नाहीत, त्यामुळे ही सोय नाही. आणि बारा तासांनी पेशीत विषाणूच्या डीएनएच्या अक्षरशः हजारो प्रती असतात. डीएनेझ हे डीएनए तोडणारं विकर नीट चाललं नाही, तर पीसीआर तो डीएनएच मोजतं. गंमत अशी की डीएनएच्या प्रती जशा वेळेबरोबर वाढतात, तसाच चढता आलेख गॅमा जनुकाकडूनही अपेक्षित असतो. चूक अगदी बरोबर उत्तरासारखी दिसते! म्हणून प्रत्येक नमुन्याची एक नळी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझ (आरएनएचा सीडीएनए बनवणारं विकर) न घालता चालवायची. दोन्हींत किमान सात पीसीआर-चक्रांचं अंतर हवं (दर चक्राला प्रती दुप्पट होतात), म्हणजे डीएनएचा वाटा एक टक्क्याच्या आत राहतो. चारच चक्रांचं अंतर असेल तर तो सहा टक्क्यांवर जातो. डीएनेझ पुन्हा करा. शिवाय या डीएनएत जी-सी जोड्या ६८ टक्के आहेत. नेहमीच्या मिश्रणात पीसीआर अडखळला तर थोडं डीएमएसओ किंवा बीटेन घालून पाहा.

दुसरा खड्डा जीएपीडीएचचा. ‘हाउसकीपिंग’ जनुक, म्हणजे कायम सारखं चालू असल्याने तुलनेला धरायचं जनुक, म्हणून सगळे ते किंवा अ‍ॅक्टिन लावतात. पण या विषाणूच्या कणातच व्हीएचएस नावाचं प्रथिन येतं आणि ते संदेशवाहक आरएनए कापत सुटतं, विषाणूचं पहिलं जनुक चालू होण्याआधीपासून. जीएपीडीएचचा आरएनए आठव्या हिश्श्यावर आला, तर त्याच्याशी तुलना केलेलं प्रत्येक जनुक आठ पटींनी ‘वाढलेलं’ दिसेल. त्यापेक्षा १८-एस रायबोसोमल आरएनए बरा, कारण तो टिकतो. मात्र त्याला पॉली-ए शेपूट, म्हणजे संदेशवाहक आरएनएच्या टोकाची ‘ए’ अक्षरांची माळ, नाही, म्हणून सीडीएनए बनवताना त्या शेपटीला चिकटणाऱ्या ऑलिगो-डीटीऐवजी कुठेही चिकटणारे रँडम हेक्सामर वापरावे लागतात. आणि तो इतका मुबलक असतो की सीडीएनए बराच पातळ करावा लागतो. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे पेशींच्या संख्येच्या हिशेबाने ठरावीक परका आरएनए ट्रायझॉलच्या पायरीलाच मिसळणं.

तिसऱ्या खड्ड्याने तर संशोधकांना वर्षानुवर्षं चकवलं. संसर्गानंतर सीक्वेन्सिंग केलं की माणसाची शेकडो जनुकं ‘चालू झालेली’ दिसत, त्यातली कित्येक चेतापेशींची किंवा भ्रूणावस्थेतली; त्वचेच्या पेशीत त्यांचं कामच काय? त्यावर सिद्धान्तही रचले गेले. २०१५ साली नव्या आरएनएवर खूण करून केलेल्या अभ्यासातून उलगडा झाला. संसर्ग काही तास जुना झाला की पेशीचं पॉलिमरेझ जनुकाच्या शेवटी थांबायचं विसरतं. ते हजारो अक्षरं पुढे वाहवत जातं आणि शेजारच्या जनुकात घुसतं. मोजणारं सॉफ्टवेअर त्या तुकड्यांचं माप शेजाऱ्याच्या पदरात टाकतं. शेजारी बंदच असतो. हा आरएनए बराचसा केंद्रकातच अडकतो, त्यापासून प्रथिन बनत नाही. आयसीपी-२७ चा यात हात आहे, हे नंतर दिसून आलं.

ओळखायचं कसं? आकड्यांच्या तक्त्यावर विसंबू नका, जीनोम ब्राउझर (तुकडे जीनोमवर कुठे बसतात ते दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. अस्सल चालू झालेल्या जनुकात एक्झॉनांवर ठळक उंचवटे असतात, मधले इंट्रॉन रिकामे असतात आणि एक्झॉन जोडलेले तुकडे सापडतात. वाहवत आलेल्या आरएनएत वरच्या जनुकापासून सलग सपाट थर दिसतो, दोन जनुकांमधली मोकळी जागाही भरलेली असते आणि सांधे नसतात. शंका राहिलीच तर केंद्रकाबाहेरचा आरएनए वेगळा काढून मोजा, नाहीतर प्रथिनाचा वेस्टर्न ब्लॉट करा, म्हणजे प्रथिन खरंच बनलं का ते प्रतिपिंडाने तपासा.

आता सुप्तावस्था. १९८७ साली लक्षात आलं की सुप्त हर्पिस सिम्प्लेक्समध्ये एकच प्रदेश ठळकपणे बोलत असतो, एलएटी (‘लेटन्सी-असोसिएटेड ट्रान्सक्रिप्ट’, सुप्तावस्थेतला आरएनए). तो आयसीपी-० च्या बरोबर उलट्या धाग्यावर आहे. म्हणजे धाग्याची दिशा न जपणारी लायब्ररी (सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेला तुकड्यांचा संच) केली, तर एलएटीचे तुकडे आयसीपी-० च्या खात्यात जमा होतील आणि शांत बसलेला विषाणू जागा झालाय असा निष्कर्ष निघेल. आणखी एक अडचण. एलएटीचा साचणारा भाग म्हणजे दोन हजार अक्षरांचा कापून टाकलेला इंट्रॉन. त्याला पॉली-ए शेपूट नसते. पॉली-ए निवडणारं किट घेतलं तर नमुन्यातला सगळ्यात मुबलक विषाणूजन्य आरएनए नळीतच राहून जातो.

नागिणीच्या विषाणूची सुप्तावस्था त्याहून अवघड. तो संवर्धनात पेशीलाच चिकटून पसरतो, मोकळ्या कणांचा जोरदार साठा मिळत नाही. संसर्ग द्यायचा तर संसर्गित पेशीच टाकाव्या लागतात आणि त्यांचा आरएनएही मापात येतो. सुप्त विषाणू बघायला माणसाचं गँग्लियन लागतं, आणि ते मिळतं मृत्यूनंतर. ओआरएफ-६३ हे जनुक सुप्तावस्थेत चालू असतं, असं बरीच वर्षं मानलं जाई. पुढे कळलं की मृत्यूनंतर नऊ तासांहून उशिरा काढलेल्या गँग्लियनमध्ये ते अधिक सापडतं. देह थंड पडताना विषाणू चाळवतो. लवकर काढलेल्या नमुन्यांतून, विषाणूचे तुकडे प्रोबने (त्यांच्याशी जुळणाऱ्या छोट्या धाग्यांनी) वेचून, २०१८ साली व्हीएलटी हा खरा सुप्तावस्थेतला आरएनए समोर आला. तोही ओआरएफ-६१ च्या, म्हणजे आयसीपी-० च्या भावंडाच्या, उलट्या धाग्यावर! दोन वेगळ्या विषाणूंनी एकच जागा निवडावी, हा योगायोग मला तरी वाटत नाही.

शेवटी एपस्टाइन-बार, कारण तिथे ‘कोणतं जनुक चालू’ यावर रोगाची जातच ठरते. बर्किट लिम्फोमात विषाणूचं जवळपास एकच प्रथिन बनतं, ईबीएनए-१, आणि टी-पेशींना, म्हणजे संसर्गित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ते फारसं दिसत नाही. हॉजकिन लिम्फोमात आणि नाक-घशामागच्या कर्करोगात, जो आपल्याकडे नागालँडमध्ये विशेष आढळतो, एलएमपी-१ आणि एलएमपी-२ ही विषाणूची प्रथिनं जोडीला येतात. अवयव-प्रत्यारोपणानंतरच्या लिम्फोमात बहुधा ईबीएनए-२ सकट सगळा संच उघडा असतो. टी-पेशींना इतकं ठळक लक्ष्य बाकी कुठे मिळत नाही, म्हणून तिथे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करूनच काही गाठी विरघळतात. बर्किटमध्ये ही युक्ती चालत नाही.

या सगळ्या प्रकारांत समाईक असतात ते ईबर नावाचे दोन छोटे आरएनए, पेशीमागे लाखांच्या घरात. म्हणून बायोप्सीत विषाणू शोधायला पॅथॉलॉजिस्ट ईबरचं इन सिटू हायब्रिडायझेशन करतो, म्हणजे काचेवरच्या कापात प्रोबने ईबर रंगवतो. डाग केंद्रकात हवा आणि तो गाठीच्या पेशींत हवा. इकडेतिकडे विखुरलेल्या चार लहान लिम्फोसाइट रंगल्या तर ते कुणाच्याही नमुन्यात होऊ शकतं. पीसीआरला हा फरक दिसत नाही, तो सगळी उती एकत्र दळतो. उलट बाजूची चूक जास्त घातक आहे. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये फार दिवस पडून राहिला, किंवा हाडाचा नमुना मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं, तर आरएनए तुटतो आणि काच कोरी येते. हाडासाठी ईडीटीए वापरा, वेळ लागला तरी चालेल. आणि शेजारच्या काचेवर पेशीच्याच यू-६ आरएनएचा प्रोब लावा. तीही काच कोरी आली, तर अहवालात ‘ईबर निगेटिव्ह’ लिहायचं नाही. ‘आरएनए तपासण्याजोगा नाही’ असं लिहून दुसरा ब्लॉक मागवायचा.