बत्तीस बाइटचं नाव

[दृश्य: रात्रीचा रस्ता, धावत्या गाडीतून. डॅशबोर्डवर मोबाइल. पडद्यावर नावांची यादी भराभर वर सरकते आहे.]

पडद्यावर सरकणारी ही सगळी नावं वाय-फाय नेटवर्कची आहेत. यातल्या एकाही नेटवर्कला आम्ही जोडलेलो नाही. कुणाचा पासवर्ड वापरलेला नाही. आम्ही फक्त ऐकतो आहोत.

याला वॉरड्रायव्हिंग म्हणतात. गाडीतून फिरायचं, वाटेत ऐकू येईल ते प्रत्येक नेटवर्क टिपायचं आणि जीपीएसच्या मदतीनं नकाशावर मांडायचं. ही नावं शोधून काढावी लागत नाहीत. राउटर स्वतःच ती सांगत असतो. घरात कुणी असो वा नसो, इंटरनेट कुणी वापरत असो वा नसो, दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा वेळा, तो एक छोटा संदेश हवेत सोडतो. या संदेशाला बीकन म्हणतात. भिंती, खिडक्या ओलांडून तो रस्त्यापर्यंत येतो आणि रस्त्यावरून जाणारा कुणीही तो वाचू शकतो.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. किस्मेट हा प्रोग्राम चालू. एक बीकन उघडून दाखवला आहे, आकड्यांच्या ओळी.]

इथे जरा थांबू. हा एकच बीकन आहे. आधी यंत्राचा पत्ता, मग वेळ, मग इतर माहिती, आणि त्यानंतर नावाचा रकाना. पहिला आकडा शून्य: म्हणजे पुढे नाव येतंय. दुसरा आकडा सात: नाव सात बाइटचं आहे. आणि मग ६सी, ६९, ६ई, ६बी, ७३, ७९, ७३, प्रत्येक जोडी म्हणजे एका अक्षराचा सांकेतिक आकडा. रोमन लिपीत वाचलं की ‘लिंक्सिस’. ज्या कंपनीनं हा राउटर बनवला, तिचंच नाव. घरमालकानं खोक्यातून काढला, वायर लावली, इंटरनेट सुरू झालं, आणि नाव कारखान्यातून आलं तेच राहिलं.

नावाला जागा किती? जास्तीत जास्त ३२ बाइट. रोमनमध्ये लिहिलं तर ३२ अक्षरं. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षराला, प्रत्येक काना-मात्रेला आणि अनुस्वारालाही तीन-तीन बाइट लागतात. ‘घरचं वायफाय’ असं नाव दिलं तर ३१ बाइट होतात, बसतं. ‘घरचं इंटरनेट’ चौतीस होतात, बसत नाही. म्हणून नावं आखूड असतात. पण आखूड आहेत म्हणून बिनमहत्त्वाची नाहीत, आणि आम्हाला नेमकं तेच दाखवायचं आहे.

[दृश्य: नकाशा. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत ठिपके. ठिपके वाढत जातात.]

हा नकाशा विगल या संकेतस्थळाच्या धर्तीवर बनवला आहे. विगल २००१ मध्ये सुरू झालं. जगभरचे हौशी लोक आपापल्या नोंदी तिथे चढवतात आणि आज तिथे १०० कोटींहून जास्त नेटवर्कची नोंद आहे. त्याच वर्षी लास व्हेगासच्या डेफ कॉन या हॅकरांच्या परिषदेत पीटर शिपली यांनी गाडीतून घेतलेल्या आपल्या नोंदी सगळ्यांसमोर मांडल्या होत्या. त्या काळात कित्येक नेटवर्क पासवर्डशिवाय उघडीच असत. ज्यांना कुलूप होतं त्यांचं डब्ल्यूईपी हे कुलूपही २००१ मध्येच मोडलं: फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी त्यातला मूळ दोष दाखवून दिला.

सर्वाधिक आढळणारी नावं कुठली? विगलच्या यादीत अग्रभागी ‘एक्सफिनिटीवायफाय’ आहे. अमेरिकेतली एक केबल कंपनी ग्राहकांच्या घरातल्याच यंत्रांवरून हे नाव पसरवते. त्याच यादीत ‘लिंक्सिस’, ‘नेटगिअर’, ‘डीलिंक’, ‘डिफॉल्ट’. जुन्या नोंदींत ‘त्सुनामी’ही भेटतं, सिस्कोच्या एअरोनेट यंत्रांचं ते ठरलेलं नाव होतं. आणि ‘डायरेक्ट’ शब्दानं सुरू होणारी, पुढे दोन अक्षरं असलेली जी नावं दिसतात, ती माणसांनी ठेवलेली नसतात. ती प्रिंटर आणि टीव्हीची आहेत. राउटरशिवाय यंत्रं थेट एकमेकांना जोडणाऱ्या ‘वाय-फाय डायरेक्ट’ पद्धतीच्या नियमानुसार नावाची सुरुवात तशीच करावी लागते.

[दृश्य: राउटर उलटा करून धरलेला. तळाचं स्टिकर अगदी जवळून. नाव, पासवर्ड, एमएसी पत्ता.]

आता हे स्टिकर बघा. नाव: कंपनी, खाली रेघ, चार आकडे-अक्षरं. त्याखाली एमएसी पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा पत्ता. पत्त्याची शेवटची चार आकडे-अक्षरं आणि नावातली चार, दोन्ही एकच आहेत. पत्त्याचा पहिला अर्धा भाग यंत्र कुणी बनवलं ते सांगतो. म्हणजे कारखान्यातलं नाव तसंच ठेवलं की रस्त्यावरच्या माणसाला एका नजरेत कळतं: यंत्र कुठल्या कंपनीचं आहे, आणि घरमालकानं बहुधा अजून सेटिंगला हात लावलेला नाही.

गोष्ट इथेच संपत नाही. २००८ मध्ये उघड झालं की थॉमसन कंपनीच्या स्पीडटच राउटरमध्ये पासवर्ड आणि नाव दोन्ही यंत्राच्या अनुक्रमांकावरून, एकाच सूत्रानं तयार केलेले होते. सूत्र कळलं, की हवेत पसरणाऱ्या नावावरून संभाव्य पासवर्डची छोटी यादी काढता येत होती. स्टिकरवरचा पासवर्ड कितीही अवघड दिसला तरी त्याचा उपयोग उरला नव्हता.

[दृश्य: पडद्यावर रेखाचित्र. डावीकडे पासवर्ड, उजवीकडे नाव, मधून बाण एका चौकटीत जातात.]

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. नीट ऐका, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं.

डब्ल्यूईपीच्या जागी आलेल्या डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए-२ या कुलपांमध्ये तुमचा पासवर्ड जसाच्या तसा वापरला जात नाही. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र केलं जातं, त्यावर एक गणिती क्रिया ४,०९६ वेळा केली जाते आणि त्यातून खरी किल्ली तयार होते. म्हणजे तुमच्या नेटवर्कचं नाव हा तुमच्या किल्लीचाच एक भाग आहे. पासवर्ड तोच, नाव वेगळं, तर किल्लीही वेगळी. ४,०९६ वेळा क्रिया करण्यामागचा हेतू चांगला आहे: कुणी एकेक पासवर्ड लावून बघू लागला, तर प्रत्येक प्रयत्नाला त्याचा वेळ जावा.

पण नाव जर लाखो घरांत एकच असेल, तर हा वेळ एकदाच घालवावा लागतो. ‘चर्च ऑफ वायफाय’ नावाच्या गटानं नेमकं हेच करून दाखवलं. विगलच्या यादीतून सर्वाधिक आढळणारी हजार नावं घेतली, दीड लाखाहून जास्त संभाव्य पासवर्ड घेतले, आणि प्रत्येक जोडीची किल्ली आधीच काढून तयार तक्ते सगळ्यांसाठी खुले केले. तुमचं नाव त्या हजारांत असेल आणि पासवर्ड साधा शब्द असेल, तर गणित आधीच झालेलं आहे. कुणीतरी तुमचा फोन नेटवर्कला जोडला जाताना हवेतली देवाणघेवाण टिपली, की उरतो फक्त तक्त्यात शोध. नाव तुमचं स्वतःचं, जगात दुसरीकडे नसलेलं असेल, तर हे तक्ते कुचकामी ठरतात. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ नं टिपलेल्या देवाणघेवाणीवरून घरबसल्या अंदाज लावण्याची वाट बंद केली, पण जुन्या पद्धतीवर चालणारे राउटर आजही ढिगानं आहेत.

[दृश्य: पुन्हा मोबाइलचा पडदा. यादी थांबवून एकेक नाव मोठं केलं आहे.]

काही नावं मात्र माणसांनी विचार करून ठेवलेली असतात, आणि ती वाचताना खरोखर आनंद होतो. ‘एफबीआय सर्व्हेलन्स व्हॅन’ तर जगभर भेटते. ‘लोडिंग’ आणि पुढे तीन टिंबं. ‘व्हायरस डॉट ईएक्सई’. ‘टेल माय वायफाय लव्ह हर’. हे आणखी एक नाव बघा: ‘आवाज कमी करा’. शेजाऱ्याला समोरासमोर जे सांगता आलं नाही, ते त्याच्या फोनच्या यादीत जाऊन बसलं. ३२ बाइटमध्ये माणसं किती काय बोलून जातात!

कधी नावानं यंत्रही अडतं. २०२१ मध्ये टक्क्याचं चिन्ह आणि पी, मग चार वेळा टक्के-एस आणि शेवटी टक्के-एन असं नाव असलेल्या नेटवर्कला आयफोन जोडला, की त्याचं वाय-फायच बंद पडत होतं. फोननं नाव हे नाव म्हणून न वाचता सूचना म्हणून वाचलं होतं. आयफोनच्या आयओएस या प्रणालीच्या १४.७ आवृत्तीत ती चूक दुरुस्त झाली.

आणि काही नावं महागात पडली: २०१४ मध्ये लॉस एंजेलिसहून लंडनला निघालेलं विमान दहशतवादी संघटनेचा उल्लेख असलेल्या हॉटस्पॉटच्या नावामुळे रखडलं, आणि फ्रान्समध्ये २०१६ मध्ये तशाच नावासाठी एका तरुणाला तीन महिन्यांची निलंबित कैद झाली.

[दृश्य: सिग्नलला थांबलेल्या गाड्या. मोबाइलवर नवी नावं येतात आणि पुसली जातात.]

ही चालती नावं आहेत. फोनचे हॉटस्पॉट. अनेक फोन हॉटस्पॉटला मालकाचं पहिलं नाव आपोआप जोडतात, त्यामुळे सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत कोण आहे, हे शेजारच्या गाडीला वाचता येतं. घरच्या राउटरला आडनाव आणि घराचा क्रमांक देणंही तसंच. आम्हाला अशी नावं दिसली. ती या चित्रफितीत झाकली आहेत आणि झाकायलाच हवी होती.

नाव लपवलं तर? राउटरमध्ये ती सोय असते. मग बीकनमधला नावाचा रकाना रिकामा जातो. पण तुमचा फोन जोडला जाताना ते नाव स्वतःच उच्चारतो, आणि शिवाय बाहेर फिरतानाही ‘अमुक नेटवर्क इथे आहे का’ असं विचारत राहतो. लपवून सुरक्षितता मिळत नाही.

नकाशापासून दूर राहायचं असेल तर वेगळा मार्ग आहे. २०१० मध्ये गुगलनं कबूल केलं की रस्त्यांचे फोटो काढत फिरणाऱ्या स्ट्रीट व्ह्यूच्या गाड्यांनी उघड्या नेटवर्कवरून नावांसोबत लोकांचा मजकूरही टिपला होता. पुढच्या वर्षी गुगलनं जाहीर केलं: नावाच्या शेवटी खाली रेघ आणि ‘नोमॅप’ हा शब्द रोमनमध्ये लिहा, स्थान शोधण्याच्या त्यांच्या यादीतून ते नेटवर्क वगळलं जाईल. ३२ पैकी सहा बाइट त्यात जातात.

[दृश्य: राउटरचं सेटिंगचं पान. जुनं नाव खोडलं जातं, नवं लिहिलं जातं, ‘सेव्ह’.]

नाव बदलायला एवढंच लागतं. कंपनी कळणार नाही, माणूस कळणार नाही, घर कळणार नाही, आणि दुसऱ्या कुणाचं नसेल असं काहीतरी. त्यासोबत लांब पासवर्ड. बदल केला की घरातलं प्रत्येक यंत्र नव्या नावानं पुन्हा जोडावं लागतं. प्रिंटर आणि कॅमेरे जरा वेळ खातात. तेवढ्यात फोनमधली जतन केलेली नेटवर्कची यादी उघडा आणि जुनी नावं काढून टाका, बिनपासवर्डची तर सगळ्यात आधी. तशा उघड्या नेटवर्कला पुन्हा जोडताना फोन फक्त नाव जुळतंय का ते बघतो. त्या नावामागचं यंत्र तेच आहे का, हे तो तपासत नाही.