जातं बोलतं तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो.

स्वयंसेवी संस्था गावात कला घेऊन जातात, असं आपण म्हणतो. घेऊन जातात! म्हणजे गावात ती नव्हतीच की काय? असो. आज बोलायचंय जात्यावरच्या ओव्यांविषयी.

मावळ-मुळशीच्या डोंगरात गरीब डोंगरी संघटना काम करायची. हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइत्वाँ तिच्याबरोबर होते. त्यांच्या गटानं ओव्या टिपायला घेतल्या, आणि गावोगावच्या बायकाच गोळा करणाऱ्या झाल्या. लाखावर ओव्या जमल्या. पुन्हा सांगते, लाखावर! 2017पासून 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात.

आता माझी गोष्ट. एका संस्थेबरोबर मी त्याच भागात गेले होते. दारूबंदीवर पथनाट्य होतं. त्याआधी दीपप्रज्वलन, हार, नारळ, यातच पाऊण तास गेला. (माझं चाललं तर पाहुण्यांचे सत्कार कायद्यानं बंद करीन.) मुलांनी जीव तोडून काम केलं. बायका पदर तोंडाला लावून बसल्या. "काही बोला की" म्हटलं, तर एकही बोलेना.

मग एका आजींना ओवी म्हणायची विनंती केली. माइक पुढे केला. त्या म्हणाल्या, "हात फिरल्याबिगर गळा कसा फिरंल, बाई?"

झालं! जातं शोधा. ते सापडलं पडवीत, त्यावर कोंबड्यांचं डालगं. धुतलं, पुसलं, तर खुंटा नाही. कुणीतरी बाभळीचा दांडका तासून ठोकला. समोर आजींची जाऊ बसली. नाचणीची वैरण पडली, घरघर सुरू झाली आणि आजींचा आवाज लागला.

पहिल्या ओव्या माहेरच्या, भावाच्या. मग जाऊबाईंनी धरली आपली. तिच्यात नवरा होता, विकलेलं भातखाचर होतं, दारूची बाटली होती. पथनाट्याला गप्प बसलेली ती बाई जात्याला सांगत होती. माणसांना नाही हं, जात्याला! मागून तिसरी सरकली, "व्हय गं, सर तिकडं," म्हणत तिनं खुंट्याला हात घातला. तिच्या ओवीत गुत्तेवाला आला, तोही नावानिशी! आणि गुत्तेवाल्याची आई तिथेच, दाराशी बसलेली. ती उठून गेली नाही. खाली मान घालून सुपातली नाचणी निवडत राहिली.

संस्थेच्या मुलांनी पथनाट्याची वही मिटली. पुढच्या खेपेला ती आली ती नुसती नाचणी घेऊन.

माझ्या हातात तेव्हा आवाज टिपायचं यंत्र होतं, आणि ते चालू करायला मी विसरले होते. आजींना सांगितलं तर हसल्या. त्याच पिठाची भाकरी केली. दाताखाली कचकच येत होती.

"जात्याला टाकी लावायला झालीय," आजी म्हणाल्या, "पाथरवट गाठून दे."