आजीच्या ओव्या

नमस्कार श्रोतेहो.

माझी आजी गेल्या मार्गशीर्षात गेली. नव्वदी केव्हाच ओलांडली होती, पण नेमकं वय कुणाला सांगता येईना. आधारकार्डावर १ जानेवारी अशी अंदाजानं घातलेली तारीख. तिचं पंचांग वेगळंच होतं. "पत्री सरकारच्या वेळेला मी परकरी पोर होते." "कोयनेचा भूकंप झाला तवा तुझा धाकटा चुलता अंगावर पीत होता." तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. लेकरू काखेत घेऊन ती अंगणात आली, त्याला सासूच्या हातात दिलं आणि म्हैस सोडायला परत गोठ्यात शिरली.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. पावसानं कायम पाठ फिरवलेला मुलूख. १९७२ चा दुष्काळ तिच्या बोलण्यात अखेरपर्यंत यायचा. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची आणि घरी येऊन चूल पेटवायची. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, मिळे. त्या पिठाला चिकटपणाच नाही, भाकरी थापायला घेतली की कडा फुटायच्या. आजी आधणाचं पाणी पिठात ओतायची, चटके सोसत तळहाताच्या टाचेनं काठवटीत मळत राहायची, आणि मग फुटलेली कड ओल्या बोटानं एकेक सांधत भाकरी अलगद तव्यावर टाकायची. आठ माणसांची पानं झाल्यावर ती जेवायला बसे. काय उरलेलं असायचं, ते आम्ही कधी विचारलं नाही. ही गोष्ट मला आता फार लागते.

पण आज मला बोलायचंय ते तिच्या जात्याबद्दल.

गावात विजेची गिरणी आली तरी सणावाराचं आणि बाळंतिणीचं पीठ ती जात्यावरच दळायची. पहाटे मी तिच्या मांडीवर डोकं टाकून पडायचो. एका हातानं खुंटा ओढत, दुसऱ्यानं मूठमूठ दाणे वैरत ती ओव्या म्हणायची. माहेरच्या, भावाच्या, विठ्ठलाच्या. एखाद्या ओवीत माझं नाव गुंफायची, तेव्हा मी झोपेचं सोंग घेऊन गप्प पडायचो. मोठ्यांसमोर मान वर न करणारी ही बाई जात्यापाशी सासरचं गाऱ्हाणंसुद्धा सांगून टाकायची, आणि पलीकडच्या खोलीतून सगळे ते ऐकत असायचे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. बायकांकडे बसून, ऐकून, शब्द न् शब्द लिहून घेतला. केवढं मोठं काम! ते वाचताना मला आनंद झाला आणि रडूही आलं, कारण माझ्या आजीपाशी कुणी वही घेऊन बसलं नाही. मी शिकलेला नातू. मीही नाही बसलो.

आता तिच्यातल्या थोड्या ओव्या फक्त आत्याला येतात. तिची पंच्याहत्तरी झालीय. परवा फोन करून म्हटलं, "आत्या, म्हणून दाखव की." दोन ओळी म्हणून अडली. म्हणाली, "आरं, हातात खुंटा असल्याबिगर गळ्यातनं येत न्हाई."

जातं अंगणात पडून होतं. पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घेतलीय. येत्या रविवारी ते गाडीत घालून आत्याकडं निघालोय, सोबत पायलीभर ज्वारी आणि एक कोरी वही.