नीनासाठी दोन आवाज

२१ ऑगस्ट २०१९. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. १८९५ पासून चालत आलेला प्रॉम्स हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव. मंचासमोर खुर्च्या नाहीत. स्वस्तातलं तिकीट काढायचं आणि अख्खी मैफल उभ्यानं ऐकायची, ही इथली जुनी रीत. एरवी इथे बाख, बीथोवन, माहलर. आजची रात्र मात्र अमेरिकन गायिका नीना सिमोनची. तिला जाऊन सोळा वर्षं झाली आहेत.

खरं तर नीनाला गायिका व्हायचंच नव्हतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या ट्रायन गावची ही पोर, मूळ नाव युनीस वेमन. पियानोवर बसली ती बाख वाजवायला. लहानपणी गावात तिचा कार्यक्रम होता. पुढे बसलेल्या आईवडिलांना गोऱ्या लोकांसाठी उठवून मागे धाडलं. पोरीनं ठणकावलं, ते पुढे आल्याशिवाय वाजवणार नाही. त्यांना पुढे आणावं लागलं.

१९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूट या संगीतशाळेनं तिला प्रवेश नाकारला. काळी म्हणून, असं ती पुढे आयुष्यभर म्हणत राहिली. पोटासाठी अटलांटिक सिटीच्या एका बारमध्ये पियानो धरला, तर मालकाची अट, गायलाही पाहिजे! आईला पत्ता लागू नये म्हणून नाव बदललं. लोकांनी तिला सोल संगीताची महापुजारीण केलं. ती स्वतः आपल्या संगीताला कृष्णवर्णीयांचं शास्त्रीय संगीत म्हणायची. 'लव्ह मी ऑर लीव्ह मी' ऐका. मस्त जॅझचं स्विंग चाललेलं असतं, आणि मध्येच तिचे दोन्ही हात थेट बाखच्या घरात शिरतात.

अशा बाईला मानवंदना द्यायची कशी? मंचावर आहे नेदरलँड्सचं मेट्रोपोल ऑर्केस्ट, अर्धं जॅझ बिग बँड, अर्धं सिम्फनी. संचालन ज्यूल्स बकलीचं. गायला दोघी: न्यू ऑर्लिन्सची लेडिसी, आणि वर्षानुवर्षं रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या मागे उभं राहून गायलेली लिसा फिशर. नीनाचा तो खर्जातला, पुरुषी वाटावा असा आवाज दोघींकडेही नाही. बरंच आहे. नक्कल करायचा मोहच उरत नाही.

मैफलीचं नावच 'मिसिसिपी गॉडॅम', नीनाच्याच गाण्याचं. गॉडॅम म्हणजे चक्क शिवी. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात, बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटला, चार काळ्या मुली गेल्या. त्याच्या आधी मिसिसिपीत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मेडगर एव्हर्सला गोळी घातली होती. त्या संतापात नीनानं हे गाणं लिहिलं. चाल मात्र नाटकातल्या खुशालचेंडू गाण्यासारखी, उड्या मारणारी. त्यामुळेच ते जास्त झोंबतं. अमेरिकेच्या दक्षिणेतून या गाण्याच्या तबकड्या मोडून परत आल्या होत्या.

लेडिसी इथेच थांबली नाही. २०२१ मध्ये तिनं नीनाच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला, मेट्रोपोलला सोबत घेऊन. तोही ऐकाच. पण त्याआधी १९६४ मध्ये न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये 'मिसिसिपी गॉडॅम' गाणारी खुद्द नीना ऐका. गोरे श्रोते आधी हसतात. ते कुठल्या ओळीला गप्प होतात, तेवढं लक्ष ठेवून ऐका.