परत ड्युटीवर येताना

नमस्कार श्रोतेहो.

बाळंतपण, मुलांचं लहानपण, घरातलं कुणाचं आजारपण. नर्स, डॉक्टर, लॅब टेक्निशियन असलेल्या कितीतरी जणी यासाठी काही वर्षं नोकरीबाहेर राहतात. त्या परत येतात, तेव्हाच्या पहिल्या काही आठवड्यांबद्दल मला बोलायचं आहे.

"मला जमेल का आता?" हा प्रश्न बहुतेकींना पडतो. पण हात सहसा विसरत नाहीत. बोटाखाली शीर लागली की सुई किती तिरकी धरायची, ते आपसूक कळतं. बदललेल्या असतात त्या पद्धती. हृदय बंद पडलेल्या रुग्णाचंच घ्या. पूर्वी आधी श्वासमार्ग मोकळा करायचा, श्वास द्यायचा आणि मग छाती दाबायची, असं शिकवत. 2010 साली हा क्रम उलटला. मोठ्या माणसाची छाती दाबायला आधी सुरुवात करायची. 2015 मध्ये वेगाची वरची मर्यादाही ठरली, मिनिटाला 100 ते 120. मधली वर्षं घरी असलेल्या बाईला हे सांगायला नको का? तिचं कौशल्य कमी झालेलं नसतं, माहिती पोहोचलेली नसते.

आणि आपण काय करतो? माणसं कमी आहेत म्हणून पहिल्याच आठवड्यात तिला एकटीला नाइट ड्युटी लावतो. हे तिच्यावर अन्यायाचं आहे आणि रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. सुरुवातीला तिच्यासोबत एक अनुभवी सिस्टर हवी. नवा इन्फ्युजन पंप, म्हणजे ठरलेल्या वेगानं शिरेतून औषध सोडणारं यंत्र, तिनं स्वतः लावून पाहावा, औषधांच्या डोसचा हिशेब दुसऱ्या कुणी तपासावा. आणि हे दिवस पूर्ण पगाराचे असावेत, कारण ती काम करतेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालानुसार आरोग्यसेवेत सुमारे 70 टक्के स्त्रिया आहेत, वरिष्ठ पदांवर मात्र 25 टक्केच. कारणं अनेक आहेत. खंड पडला म्हणून आधीची सगळी सेवा पुसून टाकायची, हे त्यातलं मला सगळ्यात जास्त खुपतं.

घरी असलेल्या मैत्रिणींनो, रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण चुकवू नका. नंतर ते सुरू करून घेण्यात फार वेळ जातो. मुलाखतीत खंड लपवू नका, तारखांसकट सांगा. आणि एक प्रश्न तुम्ही विचारा: "सुरुवातीला माझ्यासोबत कोण असेल, किती दिवस?" उत्तर लेखी मागा.